जुन्या कार्टूनच्या डिस्कवर परीक्षण लिहिताय? या चुका टाळा

परीक्षण लिहिणारा सिनेमाबद्दल लिहितो आणि वाचणारा मात्र डिस्क विकत घेतो. निम्मे घोटाळे इथेच होतात. 'टॉम अँड जेरी' बघून हसू येतं हे खानापूरच्या आईवडिलांना कुणी सांगायला नको. त्यांना विचारायचं असतं ते वेगळंच. या डिस्कमध्ये चित्र नीट दिसतं का, काही कापलंय का, आवाज कुठल्या भाषेत आहे, आणि पावसाची सुट्टी पडली म्हणून पोरांना लावून दिली तर मध्येच अडकणार नाही ना?

आपल्या बेळगावच्या सीमाभागात हा साठा चारी दिशांनी आलाय. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी आणलेल्या डीव्हीडी, आखातात नोकरीला असलेल्यांनी पाठवलेल्या, गोव्याहून येताना घेतलेल्या, बाजारात रस्त्याकडेला मिळालेल्या व्हीसीडी, गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी बंद होताना पडत्या भावात घेतलेल्या कॅसेट. एकाच सिनेमाच्या यातल्या दोन प्रती सारख्या निघतीलच असं नाही. म्हणून परीक्षणाच्या सुरुवातीलाच सांगून टाका: कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी की ब्ल्यू-रे, कव्हरवरचं साल, रीजन (जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी डिस्क काढली त्याची खूण), भाषा आणि लांबी. लांबी कव्हरवरून उतरवू नका, प्लेअरवर बघा. हे नसेल तर पुढची सगळी मतं नेमकी कुठल्या प्रतीबद्दल आहेत तेच वाचणाऱ्याला कळत नाही.

'कापलाय' म्हणण्याआधी हिशेब करा

'स्नो व्हाइट' (1937) हा 83 मिनिटांचा सिनेमा. डिस्क 80 मिनिटांच्या आतच संपते, आणि परीक्षणात छापून येतं की तीन मिनिटं कापली. प्रत्यक्षात एकही फ्रेम गेलेली नसते. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनी, म्हणजे 24 स्थिर छायाचित्रांनी, चालतो. भारतात आणि युरोपच्या बहुतेक देशांत टीव्हीची पद्धत 'पाल', तिच्यात सेकंदाला 25 फ्रेम. डिस्क करताना सोपा मार्ग म्हणजे 24 ची फिल्म 25 च्या वेगाने पळवायची. मग सगळा सिनेमा चार टक्के लवकर संपतो.

तपासायचं कसं? मूळ लांबीला 24 ने गुणा, 25 ने भागा. 83 मिनिटांचे 79 मिनिटं 41 सेकंद होतात. डिस्कची लांबी याच्याशी जुळली तर कापाकापी नाही. त्याहून कमी भरली तर मात्र शोधायला बसा.

वेग वाढला की सूरही चढतो. पेटीवर पांढरी एकवरून काळी एकवर जायला जेवढं अंतर, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. काही कंपन्या सूर पुन्हा खाली आणून घेतात, काही तसाच ठेवतात. कुमार गंधर्वांचं सुळेभावी आपल्याच जिल्ह्यातलं. इथे भजनी मंडळात बसणाऱ्यालाही गाणं चढ्या पट्टीत वाजतंय हे ऐकू येतं, तेव्हा ते लिहायलाच हवं. पण 'गायिकेचा आवाज चिरका आहे' असं लिहू नका. तो दोष तिचा नाही. ब्ल्यू-रेवर सिनेमे बहुधा 24 फ्रेमनीच असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

अमेरिकेची पद्धत एनटीएससी, तिच्यात सेकंदाला जवळपास 30 फ्रेम. तिथे तयार झालेली टेप आपल्याकडे 'पाल'मध्ये बदलून डिस्कवर टाकली की दोन शेजारची चित्रं एकमेकांत मिसळतात. उंदीर पळतो आणि त्याच्या मागे फिकट दुसरा उंदीर दिसतो. कधी हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. हे पकडायला डिस्क थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. जुन्या कार्टूनमध्ये बरीचशी चित्रं दोन-दोन फ्रेम धरलेली असतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. सरकवताना तेच चित्र दोनदा, मग पुढचं चित्र दोनदा, असं स्वच्छ दिसलं तर प्रत चांगली. मधेच दोन चित्रांची खिचडी दिसली तर रूपांतर गचाळ झालंय. त्याचा राग चित्रकारावर काढू नका. सेकंदाला 12 चित्रांमध्ये त्या लोकांनी मांजराच्या शेपटीपासून पियानोवरच्या बोटांपर्यंत सगळं जिवंत केलं होतं.

टीव्हीचा दोष डिस्कच्या माथी मारू नका

1953 च्या आधीची जवळपास सगळी कार्टून चौकोनाकडे झुकणाऱ्या पडद्यासाठी काढलेली आहेत, रुंदी उंचीच्या 1.37 पट. आजचा टीव्ही 1.78 पट रुंद. घरातल्या कुणीतरी 'काळ्या पट्ट्या नकोत' म्हणून चित्र ताणून ठेवलेलं असतं आणि परीक्षणात येतं, 'पात्रं बुटकी वाटतात'. पूर्ण चंद्र किंवा गाडीचं चाक दिसेल तिथे थांबवा. ते गोल नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार निवडा. डाव्या-उजव्या बाजूला काळी जागा राहू द्या, ती तशीच राहायला हवी.

उलटी गोष्टही होते. 'लेडी अँड द ट्रॅम्प' (1955) सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीसाठी काढलेला, 'स्लीपिंग ब्यूटी' (1959) तर 70 मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी. 1954 पासून 'टॉम अँड जेरी'चीही काही कार्टून सिनेमास्कोपमध्ये आली. जुन्या कॅसेटवर असे सिनेमे मधला तुकडा ठेवून दोन्ही बाजूंनी छाटलेले असायचे. 'स्लीपिंग ब्यूटी'ची पार्श्वभूमी म्हणजे मध्ययुगीन चित्रांसारखी आडवी पसरलेली झाडं आणि कमानी. छाटलेल्या प्रतीवरून 'देखावे साधेच आहेत' असं लिहिणं हा त्या चित्रकारांवर अन्याय आहे. 2008 च्या ब्ल्यू-रेवर हा सिनेमा पूर्ण रुंदीत आला. दोन्ही प्रती बघायला मिळाल्या तर तुलना जरूर द्या.

टीव्हीतल्या आणखी दोन सेटिंग आधी बंद करा. एक, हालचाल गुळगुळीत करणारी. ती दोन चित्रांच्या मधे स्वतःची तिसरी चित्रं घालते आणि हाताने काढलेल्या हालचालीची लयच घालवते. दुसरी, रंग भडक आणि कडा टोकदार करणारी, दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून असते ती. या दोन्ही चालू ठेवून लिहिलेलं परीक्षण त्या टीव्हीचं असतं, डिस्कचं नव्हे.

'चित्र एकदम स्वच्छ' ही नेहमीच तारीफ नसते

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच, कारण इथे चांगले जाणकारही फसतात.

जुन्या फिल्मवर रवाळपणा असतो. सेलवर, म्हणजे ज्या पारदर्शक तावांवर पात्रं रंगवत त्यांच्यावर, धुळीचे कण असतात. सेल पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याखाली छायाचित्र घेतलं जायचं, म्हणून पात्राची बारीक सावलीही कधी कधी मागे पडलेली दिसते. हे सगळं कॅमेऱ्याने टिपलेलं आहे, नंतर लागलेला डाग नव्हे. प्रिंट वापरून वापरून पडलेले ओरखडे, केस, उडणारे पांढरे ठिपके हे वेगळे. ते काढायलाच हवेत.

पण ते काढायला संगणकाची सरसकट स्वच्छता लावली की गडबड होते. संगणक दोन शेजारच्या फ्रेम ताडून बघतो. एका फ्रेममध्ये आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही असं काही दिसलं की त्याला तो कचरा वाटतो. आता कार्टूनमध्ये जोरात हलणारी शाईची रेष अशीच तर असते! मांजराच्या मिशा, फिरणारी मूठ, वाऱ्यावर उडणारा केस. संगणक धुळीबरोबर रेषाही पुसतो. 2000 नंतरच्या दशकात निघालेल्या अमेरिकन कार्टून-संचांतल्या काही भागांवर जाणकारांनी हीच तक्रार केली. 'द स्वोर्ड इन द स्टोन' (1963) च्या 2013 मधल्या ब्ल्यू-रेबद्दल तर भरपूर ओरड झाली, कारण त्या सिनेमातली खरखरीत रेषाच त्याचा जीव आहे.

ती रेष खरखरीत का, हे माहीत असलं की पुढची चूक टळते. 'स्लीपिंग ब्यूटी'पर्यंत डिस्नेच्या स्टुडिओत प्रत्येक चित्र सेलवर हाताने शाईने गिरवत. '101 डाल्मेशियन्स' (1961) पासून झेरॉक्सच्या तंत्राने चित्रकाराची पेन्सिलीची रेष थेट सेलवर उतरू लागली. काळी, तुटक, कुठे कुठे मूळ आराखड्याचे अवशेष तसेच राहिलेली. या सिनेमांबद्दल 'प्रिंट खराब, रेषा फाटलेल्या' असं मराठीत लिहिलेलं दिसतं तेव्हा खरंच वाईट वाटतं. चित्रकाराच्या हाताच्या इतक्या जवळ आपण एरवी कधी पोचतो?

तपासायची सोपी रीत: भरधाव पाठलागाचं एखादं दृश्य निवडा आणि फ्रेम-फ्रेमने पुढे जा. बोटांची बाह्यरेषा मधेच गायब होऊन पुन्हा येते का? सपाट रंगाची जागा मेणासारखी गुळगुळीत दिसते का, आणि पार्श्वभूमीवरचे ब्रशचे फटकारे विरघळल्यासारखे वाटतात का? होय असेल तर सांगा, आणि नेमकं कुठे ते मिनिट-सेकंदांसह लिहा.

व्हीसीडीवरून मात्र रेषेबद्दल काहीच बोलू नका. तिचं चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचं. पात्र जोरात हललं की चौकोनी ठोकळे पडतात आणि रेषेभोवती डासांचं मोहोळ उठल्यागत दिसतं. व्हीसीडीवरून गोष्ट, संगीत, डबिंग यांवर लिहा, चित्रकलेवर नको.

मोबाइलने टीव्हीचा फोटो काढून पुरावा म्हणून जोडणं हेही टाळा. त्यात पडद्याच्या जाळीच्या लाटा येतात आणि रंग बदलतात. डिस्क कॉम्प्युटरवर लावून तिथूनच फ्रेम घ्या.

रंगाबद्दल थोडं

1932 मध्ये डिस्नेच्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज'पासून कार्टूनमध्ये तीन रंगांचं टेक्निकलर आलं, आणि 1935 पर्यंत कार्टूनसाठी ते वापरायचा हक्क डिस्नेकडेच होता. त्या काळात इतर स्टुडिओ दोन रंगांवर भागवत. त्या चित्रांत खरा निळा किंवा जांभळा सापडणारच नाही, सगळं तांबूस आणि हिरवट. अशा कार्टूनला 'रंग उडालेत' म्हणू नका. रंग उडालेली प्रिंट ओळखू येते ती गुलाबी पडण्यावरून: आकाश, गवत, चेहरा, सगळ्यावर एकच गुलाबी छटा.

आणि 1930 च्या दशकातलं कृष्णधवल कार्टून डिस्कवर रंगीत दिसलं तर सावध व्हा. वॉर्नरच्या 'पोर्की पिग'ची बरीच कृष्णधवल कार्टून 1960 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कोरियात नव्याने गिरवून रंगवून घेतली होती. त्यात हालचाली गाळल्या गेल्या, चेहरे बिघडले. ते बघून मूळ दिग्दर्शकाला नापास करणं चूक आहे.

सगळं डिस्नेचं नसतं

'डिस्नेचे टॉम अँड जेरी' हे मराठीत छापील मजकुरातही वाचायला मिळतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी 1940 मध्ये हे एमजीएम स्टुडिओत सुरू केलं. 1958 पर्यंत दोघांनी 114 कार्टून केली, सात ऑस्कर मिळाली. एमजीएमचा जुना साठा 1986 मध्ये टर्नर कंपनीकडे आणि टर्नर 1996 मध्ये टाइम वॉर्नरकडे गेली, म्हणून डिस्कवर वॉर्नरचं नाव असतं.

मधल्या काळातला फरक परीक्षणात यायला हवा. 1961-62 मध्ये जीन डाइचने प्राग शहरात 13 कार्टून केली, 1963 ते 67 मध्ये चक जोन्सने 34. स्वस्तातल्या डिस्कवर तिन्ही काळांची सरमिसळ असते. डाइचच्या कार्टूनमध्ये आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. तो मुळातच तसा आहे, तुमचा स्पीकर किंवा डिस्क बिघडलेली नाही. आवडत नसेल तर तसं लिहा, पण डाइचच्या नावावर लिहा.

श्रेयनामावलीवरही आंधळा विश्वास नको. वॉर्नरने आपली जुनी कार्टून 'ब्ल्यू रिबन' म्हणून पुन्हा प्रदर्शित करताना अनेकांच्या सुरुवातीच्या मूळ पाट्या काढल्या, त्याबरोबर दिग्दर्शक आणि चित्रकारांची नावंही गेली. पाटीवर नाव नाही म्हणून 'दिग्दर्शक अज्ञात' असं लिहून मोकळं होऊ नका.

फ्लायशर स्टुडिओचा 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (1939) आणि त्यांच्याकडे सुरू झालेली 'सुपरमॅन' कार्टून (1941-43) अमेरिकेत हक्कमुक्त आहेत. त्यामुळे कुणीही कुठल्याही घासलेल्या प्रिंटवरून डिस्क काढू शकतो, आणि काढतोही. एका वाईट डिस्कवरून फ्लायशरची कला मोजू नका. दुसरी प्रत शोधा.

आपल्याकडचं विसरलं जातं ते वेगळंच दुःख. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये आगकाड्या हलवून चित्रपट केला. कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याला गेलेल्या प्रभातने 1934 मध्ये 'जंबू काका' हे कार्टून केलं. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग 1956 मध्ये सुरू झाला. दूरदर्शनवर पाहिलेलं 'एक अनेक और एकता' हे 1974 चं, विजया मुळे यांचं. यातलं काही डिस्कवर हाती लागलं तर त्याला 'लहान मुलांसाठी बोधप्रद' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळू नका. रेषा, आवाज, प्रिंट हे सगळं त्याच कसोटीने बघा.

भाषेचा रकाना रिकामा ठेवू नका

आपल्या भागात हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. चिंटू टीव्हीमुळे 2009 नंतरच्या पोरांनी कितीतरी कार्टून कन्नडमधून पाहिली. निपाणी-चिकोडीच्या वाचकाला 'डबिंग छान आहे' हे सांगून उपयोग नाही. कुठल्या भाषेतलं, हे सांगा.

कव्हरवर चार भाषा छापलेल्या असल्या तरी प्रत्येक भाषा लावून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका. संवाद हिंदी आणि गाणी इंग्रजीच, असंही निघतं. काही व्हीसीडीवर डाव्या बाजूला एक भाषा आणि उजव्या बाजूला दुसरी असते. दोन्ही एकदम ऐकू आल्या तर डिस्क सदोष समजू नका, रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबून एक बाजू निवडा.

एकाच सिनेमाची डबिंगही अनेक असतात. जपान आणि भारताने मिळून केलेल्या 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'च्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा. अमेरिकन आवृत्तीत राम म्हणजे ब्रायन क्रॅन्स्टन. जानेवारी 2025 मध्ये चित्रपटगृहांत आली ती नव्याने डब केलेली. 'हिंदीत आहे' एवढ्यावर थांबलात तर लहानपणीचा आवाज शोधणारा वाचक फसेल. तसंच 'जंगल बुक'चं. डिस्नेचा सिनेमा 1967 चा. दूरदर्शनवर 1993 मध्ये लागलेली मालिका जपानी, 52 भागांची, तिच्या हिंदी शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. लोक मोगली म्हणतात तेव्हा बहुतेकांना ही मालिकाच हवी असते. डिस्कवर तेच हिंदी गीत आणि तेच आवाज आहेत का, हे पहिल्या परिच्छेदातच लिहा.

काय गाळलंय, काय बदललंय

'टॉम अँड जेरी'मधल्या कामवाल्या बाईचा मूळ आवाज लिलियन रँडॉल्फचा. ते पात्र कृष्णवर्णीयांची टिंगल करणारं म्हणून 1960 च्या दशकात काही ठिकाणी ती बाईच बदलून काढली, पुढे 1990 च्या दशकात आवाज नव्याने भरले. 2006 मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाच्या तक्रारीनंतर धूम्रपानाची दृश्यं गाळायचं ठरलं. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावातले आईबाप हा मुद्दा वरवर घेणार नाहीत. डिस्कमध्ये बिडी-सिगारेट आहे का, वर्णद्वेषी थट्टा आहे का, हे सरळ सांगा. मूळ कलाकृती अखंड असावी असं मला ठामपणे वाटतं, आणि पोरांना ती दाखवताना मोठ्यांनी शेजारी बसावं असंही. दोन्ही एकाच परीक्षणात लिहिता येतं.

कार्टून म्हणजे पोरांचंच, हे गृहीतही सोडा. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (1988) हा युद्धात उपाशी मरणाऱ्या भावंडांचा सिनेमा आहे. मुखपृष्ठ बघून पाच वर्षांच्या मुलाला कुणी लावून देऊ नये, एवढी सूचना परीक्षणात हवीच.

डिस्क चालत नाही तेव्हा

आधी रीजन बघा. डीव्हीडीत भारत 5, अमेरिका 1, आखात आणि जपान 2. ब्ल्यू-रेत भारत सी, अमेरिका ए. आखातातून आलेली डिस्क इथल्या प्लेअरने नाकारली तर ती खराब असेलच असं नाही.

मग पाऊस. खानापूर, जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते तिथे कॅसेटची काय कथा. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट अजिबात लावू नका. बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. टूथपेस्ट लावायचा उपाय करू नका. साठा हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, जमिनीपासून उंच ठेवा.

एका प्लेअरवर अडकली म्हणून निकाल देऊ नका. दुसऱ्या प्लेअरवर किंवा कॉम्प्युटरवर लावून बघा, त्याच मिनिटाला अडकते का ते टिपा. तीच जागा असेल तर दोष डिस्कचा. तरीही ती एकच प्रत सदोष असू शकते, म्हणून 'माझ्याकडची प्रत अमुक मिनिटाला अडकते' असंच लिहा. पुढे कुणी सांगितलं की त्यांची नीट चालते, तर ती माहिती तारखेसह परीक्षणाच्या वरच्या बाजूला जोडा, खाली शेवटी नको. विकत घेणारे बहुतेक जण शेवटपर्यंत वाचत नाहीत.